लाल शाईची पारख

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर, ज्या उंचवट्याला तेथील लोक ‘रिज’ म्हणून ओळखतात तेथे, हिंदूराव रुग्णालयाजवळ अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. मुळात हा स्तंभ मेरठचा. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीला आणून आपल्या शिकारमहालाजवळ उभा केला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी, फर्रुखसियरच्या कारकिर्दीत, दारूगोळ्याच्या स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले. लेख कोरलेला भाग कलकत्त्याला नेण्यात आला, तो १८६६ मध्ये परत आला आणि पुढील वर्षी सर्व तुकडे जुळवून स्तंभ पुन्हा उभारण्यात आला. ठिकाण बदलले, दगड फुटला, लिपी कित्येक शतके कोणालाही वाचता येत नव्हती. तरी अक्षरे राहिली. मराठी माणूस ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो, त्याचा अर्थ अशा ठिकाणी अधिक स्पष्ट होतो.

शेजारच्या रुग्णालयाचे नाव एका मराठी सरदाराचे आहे, ही गोष्ट दिल्लीतही थोड्यांनाच ठाऊक असते. हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे घराण्यातील जयसिंगराव. सर्जेराव घाटग्यांचे पुत्र आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागल्यानंतर हिंदूरावांचे बस्तान दिल्लीत बसले. कंपनी सरकारचा दिल्लीतील अधिकारी विल्यम फ्रेझर याचा १८३५ च्या मार्च महिन्यात खून झाला. टेकडीवरचे त्याचे घर हिंदूरावांनी घेतले आणि १८५५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्यांच्याकडे राहिले. दोनच वर्षांनी, १८५७ च्या वेढ्यात, हे घर इंग्रजी फौजेचे एक मुख्य ठाणे बनले. त्यामुळे लष्करी नकाशांवर ‘हिंदूरावाचे घर’ हे नाव कायमचे कोरले गेले. पुढे त्याच जागी रुग्णालय झाले आणि नाव टिकले.

लेखनाच्या साधनांचा इतिहास पाहू इच्छिणाऱ्याला ही टेकडी एका वेगळ्या कारणाने उपयोगी पडते. एका बाजूला दगडातील लेख आहे. मधोमध एका मराठी सरदाराचे नाव आहे. तो ज्या काळात वाढला, त्या काळी पोथीतील लाल अक्षर हिंगुळाने लिहिले जाई. आणि दुसऱ्या बाजूला आधुनिक रुग्णालय आहे. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र प्रयोगशाळेत काचपट्टीवरील पेशी रंगवण्यासाठी जे लाल द्रव्य वापरतात, तेच द्रव्य गेल्या शतकात झरणीतून, म्हणजे फाउंटन पेनमधून, उत्तरपत्रिकांवर आणि सरकारी मसुद्यांवर उतरत होते. हिंगुळापासून या द्रव्यापर्यंतचा प्रवास हा केवळ रंगाचा इतिहास नाही. लाल रंगाने लिहिण्याचा अर्थ आणि त्या लेखनाचे आयुष्य, ही दोन्ही या प्रवासात बदलली.

दिल्लीत मराठी लेखन हिंदूरावांच्या पुष्कळ आधी पोचले होते. पेशव्यांचे वकील हिंगणे यांनी दिल्लीहून पाठविलेली पत्रे अठराव्या शतकाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानली जातात. ही पत्रे मोडीत आहेत. मोडी ही धावती, कारभाराची लिपी. तीत शब्द तोडून लिहिण्याची वा विरामचिन्हे देण्याची पद्धत नव्हती. बोरू दौतीत बुडवावा आणि ओळीमागून ओळ काढीत जावे, हा तिचा धर्म. मध्येच लेखणी बदलून दुसऱ्या रंगाची शाई घेण्यास तेथे अवकाशच नव्हता. लाल रंगाचे खरे स्थान होते ते बाळबोध पोथीत.

जुनी बाळबोध पोथी उघडली की काळ्या मजकुराच्या दोन्ही बाजूंस लाल रेघांची जोडी दिसते. ‘श्रीगणेशाय नमः’, अध्यायाच्या शेवटची ‘इति’पासूनची समाप्ती, ओव्यांचे आकडे, दोन उभे दंड, ‘उवाच’ने संपणारी वक्त्यांची नावे, हे सारे पुष्कळदा लाल असते. काही ठिकाणी लेखकाने अक्षर काळ्या शाईत लिहून त्यावरून केवळ गेरूचा हात फिरवलेला असतो. या लाल खुणांनी वाचकाला वाट दाखवली. शब्द जोडून लिहिलेल्या मजकुरात श्लोक कोठे संपला, बोलणारा कोठे बदलला, हे त्यांच्यावरून कळे. लाल हा जसा मंगलतेचा रंग होता, तसाच तो वाचनाच्या सोयीचाही होता. घरातील नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकू वाहण्याची रीत आणि पोथीच्या आरंभीचे लाल अक्षर यांचे नाते उघड आहे.

हे लाल द्रव्य मुख्यतः हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. खनिज रूपात ते सापडते आणि पारा व गंधक एकत्र तापवूनही करता येते. हिंगूळ खलात बारीक घोटावा, पाण्याने पुनःपुन्हा धुवावा आणि डिंकाच्या पाण्यात कालवून बोरूने लिहावे, अशी कृती होती. दुसरे साधन आळिता. लाखेच्या लाल रंगात कापूस भिजवून वाळवून ठेवायचा आणि हवा तेव्हा पाण्यात सोडायचा. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, कागद, बोरू, बांधणी यांचा त्यात बारकाईने विचार केला आहे आणि संग्रही ठेवावयाच्या वस्तूंत हिंगूळ आणि आळिता यांचा उल्लेख आहे. त्या काळी लेखन ही समग्र विद्या मानली जाई आणि साहित्य पारखून घेणे हा तिचाच भाग असे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पोथीत चूक झाली तर ती लाल शाईने दुरुस्त करीत नसत. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत. तो वाळला की त्यावर काळ्या शाईने शुद्ध अक्षर लिहीत. हरताळ हे सोमलाचे आणि गंधकाचे संयुग. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार याच व्यवहारातून आला. आज नियमांना, संकेतांना, वचनाला हरताळ फासला असे आपण म्हणतो, तेव्हा पुसून टाकण्याचा तो जुना अर्थच मनात असतो. म्हणजे पोथीत चुकीचा रंग पिवळा होता आणि लाल रंग मानाचा. चूक झाकली जाई. तिच्याकडे बोट दाखवले जात नसे.

हा अर्थ उलटला तो एकोणिसाव्या शतकात. ज्या वर्षी हिंदूरावांच्या घराभोवती लढाई चालली होती, त्याच १८५७ च्या जुलै महिन्यात मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. शिक्षणाचे मोजमाप लेखी परीक्षेने होऊ लागले. विद्यार्थ्याने एका रंगात लिहावे आणि परीक्षकाने दुसऱ्या रंगात तपासावे, ही विभागणी शाळा-महाविद्यालयांतून रुजली. कचेऱ्यांतही हेच घडले. कारकुनाने काळ्या-निळ्या शाईत टिपण तयार करावे आणि वरिष्ठाने निराळ्या रंगात फेरफार करावेत, म्हणजे कोणता हात कोणाचा हे कागदावरच कळते. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीतही ही विभागणी राहिली. मसुदा काळ्या वा निळ्या शाईत, आणि वरच्या पातळीवरील दुरुस्त्या वेगळ्या दिसाव्यात म्हणून हिरव्या वा लाल शाईत. हिशेबाच्या वहीत लाल आकडा तुटीचा झाला. पोथीतील लाल अक्षर वाचकाला वाट दाखवीत होते. हे नवे लाल अक्षर लिहिणाऱ्यावर अधिकार सांगू लागले.

याच शतकात लाल द्रव्यही बदलले. आरंभीच्या विलायती लाल शाया ब्राझील लाकडाच्या किंवा कोचिनील किड्याच्या रंगापासून करीत. मग कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग काढण्याचे युग आले. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फोन बायर यांनी फ्लुओरेसीन हे द्रव्य तयार केले. त्यावर ब्रोमीनची प्रक्रिया करून हाइनरिश कारो यांनी जो झगझगीत लाल रंग मिळवला, तो १८७४ पासून इओसिन या नावाने बाजारात आला. ग्रीक भाषेत ‘इओस’ म्हणजे उषा. पहाटेच्या लालीवरून दिलेले ते नाव आहे. पाण्यात तो सहज विरघळतो, थोड्या द्रव्यात पुष्कळ रंग देतो आणि स्वस्त पडतो. लाल शाईसाठी याहून सोयीचे द्रव्य मिळणे कठीण होते.

दहाच वर्षांनी, १८८४ मध्ये, न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांना त्यांच्या झरणीचे पेटंट मिळाले. झरणीने शाईची निवड आणखी मर्यादित केली. बोरूला आणि टाकाला घट्ट, कणीदार शाई चालते. ती टोकावर राहते आणि टोक पुसता येते. झरणीत मात्र शाई टाकीतून निबकडे अतिशय बारीक खाचेतून, केशाकर्षणाने, येत असते आणि तिच्या जागी तेवढीच हवा आत जाते. हिंगूळ पाण्याच्या सुमारे आठपट जड. त्याचे कण तळाशी बसणार आणि डिंक त्या खाचा बुजवणार. म्हणून झरणीत हिंगूळ कधीच भरता आला नाही. ज्या लेखणीने लेखन वेगवान आणि सुटसुटीत केले, तिनेच लाल रंगासाठी विरघळणारे द्रव्य अपरिहार्य केले. हिंगूळ विरघळत नाही म्हणून टिकतो, आणि इओसिन विरघळते म्हणूनच झरणीतून वाहते. दोन्हींचे गुण आणि दोष एकाच कारणातून निघतात.

स्वदेशीच्या काळात शाई ही देशी उद्योगाची बाब झाली. १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी मुंबईत गिरगावात दांडेकर आणि कंपनी सुरू केली. ‘हॉर्स’ छापाची शाईची पूड आणि वड्या हे तिचे पहिले उत्पादन. पूड वा वडी पाण्यात विरघळवली की दौत तयार. पुढे त्यांची झरणीची शाई ‘कॅमल’ या नावाने निघाली आणि त्यातूनच ‘कॅमलिन’ हे नाव रूढ झाले. बंगालमध्ये १९३४ मध्ये ‘सुलेखा’ शाई निघाली. मराठी शाळांतील कित्येक पिढ्यांची बोटे या देशी शायांनी रंगली. कॅमलिनच्या झरणीच्या शायांच्या नावांत एक सूचक भेद आढळतो. काळ्या शाईच्या बाटलीवर ‘परमनंट ब्लॅक’ असे नाव होते; लाल शाईला ‘स्कार्लेट रेड’ म्हणत. काळ्या शाईचे नाव तिच्या टिकण्याची ग्वाही देते, लाल शाईचे नाव केवळ छटा सांगते. ग्राहकही लाल शाईकडून टिकण्याची अपेक्षा धरीत नसावा, कारण तिने लिहिलेला शेरा तात्पुरताच मानला जाई.

झरणीत नवी लाल शाई भरून पाहणाऱ्याला हा सारा इतिहास अर्ध्या तासात कागदावर उमटलेला दिसतो. आधी झरणी साध्या पाण्याने स्वच्छ धुवावी लागते. जुन्या निळ्या शाईचा अंश राहिला तर लाल रंग जांभळा होतो. मग शाई भरून दोन प्रकारच्या कागदांवर, एका खळ दिलेल्या गुळगुळीत आणि एका साध्या वहीच्या कागदावर, तीच ओळ लिहावी. इओसिन वर्गातील शाई ओली असताना डोळ्यांत भरते, वाळली की किंचित मावळते. साध्या कागदावर तिचे काठ धाग्यांतून पसरतात आणि पाठीमागे अक्षर फुटते. गुळगुळीत कागदावर ओळ रेखीव राहते, पण वाळण्यास वेळ घेते. टिपकागद लवकर ठेवला तर अर्धा रंग तोच उचलतो.

पुढच्या दोन कसोट्या अधिक महत्त्वाच्या. वाळलेल्या ओळीवर पाण्याचा एक थेंब सोडावा आणि क्षणभराने टिपून घ्यावा. अशा शाईचे अक्षर फिकट गुलाबी डाग होऊन पसरते. दुसरी कसोटी उन्हाची. लिहिलेल्या ओळीचा अर्धा भाग जाड कागदाने झाकून तो तुकडा खिडकीत ठेवावा आणि काही आठवड्यांनी झाकण काढावे. झाकलेला भाग लाल असतो. उघडा भाग फिका पडलेला, कधी वाचताही न येणारा. शेजारी काजळीच्या काळ्या शाईची ओळ ठेवली असेल तर तिला ऊन आणि पाणी यांचा फारसा उपद्रव होत नाही, कारण काजळी म्हणजे शुद्ध कोळसा. त्यावर प्रकाशाची मात्रा चालत नाही. हिंगुळालाही न्यायाने तोलले पाहिजे. तीव्र प्रकाशात तोही काळवंडतो आणि त्यातील पारा विषारी आहे. पण बासनात बांधलेल्या पोथीत त्याचा रंग शतकानुशतके राहिलेला दिसतो.

इओसिनच्या या दुबळेपणाची साक्ष चित्रकलेतही सापडते. व्हिन्सेंट व्हान गॉग यांनी १८९० च्या मे महिन्यात सां-रेमी येथे गुलाबांची आणि आयरिसची जी चित्रे रंगवली, त्यांत इओसिनपासून केलेला लाल रंग होता. गुलाबांची गुलाबी छटा उडून ती आज जवळजवळ पांढरी दिसतात आणि जांभळी आयरिस फुले निळी झाली आहेत. रंग उडतात याची जाणीव त्या चित्रकाराला होती. परीक्षक, कारकून आणि संपादक यांना मात्र असा विचार करण्याचे कारणच पडले नाही.

प्रयोगशाळेत मात्र हेच इओसिन अनमोल ठरले. १८७० च्या दशकातच ऊतींच्या पातळ छेदांना रंग देण्यासाठी त्याचा वापर सुरू झाला. हिमाटॉक्सिलीनने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने भोवतालचा भाग गुलाबी होतो आणि दोहोंच्या भेदावरून वैद्य निरोगी व रोगट पेशी ओळखतो. १८७९ मध्ये पॉल एर्लिख यांनी रक्तातील ज्या पांढऱ्या पेशी या रंगाला विशेष ओढ दाखवतात त्यांचे वर्णन केले. इओसिनोफिल हे त्यांचे नाव त्या रंगावरूनच आले. १८९१ मध्ये रोमानोव्स्की यांनी इओसिन आणि मेथिलीन ब्लू यांच्या मिश्रणाने हिवतापाचा जंतू रंगवून दाखविला. येथेही लाल रंगाचे काम दोष शोधण्याचेच. फरक एवढाच, की वैद्य आपला निष्कर्ष निराळ्या कागदावर लिहून ठेवतो आणि काचपट्टी अंधाऱ्या पेटीत जपतो. परीक्षकाचा आणि संपादकाचा निष्कर्ष स्वतःच त्या विरत जाणाऱ्या द्रव्यात लिहिलेला असतो.

ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांच्या दृष्टीने खरी अडचण येथे सुरू होते. विसाव्या शतकातील मराठी हस्तलिखिते, मुद्रितशोधनाची पाने, संस्थांची इतिवृत्ते, ग्रंथालयांच्या दाखल-नोंदवह्या, यांत मूळ मजकूर काळ्या वा निळ्या-काळ्या शाईत आणि दुरुस्ती लाल शाईत असण्याची शक्यता मोठी. निळ्या-काळ्या शाईत लोहाचे क्षार असत. कागदावर ती हवेने अधिक गडद होत जाते. मग एखाद्या खिडकीपाशी ठेवलेल्या वा पावसात भिजलेल्या कागदाची काय गत होते? चूक अधिक ठळक होते आणि दुरुस्ती नाहीशी होते. शंभर वर्षांनी तो कागद हाती घेणाऱ्या अभ्यासकाला लेखकाने नाकारलेले वाक्यच त्याचे अंतिम वाक्य वाटेल. संपादकाने काट मारलेला परिच्छेद पुन्हा उभा राहील. पाठभेदांच्या शास्त्रात लेखनिकाच्या चुकांचा विचार पुष्कळ झाला आहे; पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती त्याचे श्रेष्ठ उदाहरण आहे. पण जेथे शाईच निघून गेल्याने पाठ बदलतो, अशा कागदांसाठी ही सावधगिरी नव्याने शिकावी लागेल.

म्हणूनच लाल शाईची पारख ही केवळ झरणीच्या हौशी माणसाची करमणूक उरत नाही. जुना, आम्लाने पिवळा पडलेला कागद पाण्यात धुऊन वाचवता येतो. पण धुण्यापूर्वी प्रत्येक रंगाच्या शाईवर, एखाद्या बिनमहत्त्वाच्या टिंबाशी, ओलसर टिपकागद टेकवून रंग सुटतो का हे पाहणे हा संधारकाचा पहिला नियम आहे. निळी शाई तपासली आणि लालकडे दुर्लक्ष झाले तर कागद वाचतो, पण त्यावरील दुसरा हात कायमचा वाहून जातो. जेथे लाल नोंदी आहेत अशा कागदांच्या रंगीत प्रतिमा वेळेवर घेऊन ठेवणे हाच त्यावरचा सोपा उपाय. कृष्णधवल प्रतीत लाल कोणते आणि काळे कोणते हा भेदच उरत नाही.

लाल शाईचा शाळा-कचेऱ्यांतील अंमल आता ओसरला आहे. बॉलपेनने झरणीची जागा केव्हाच घेतली. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्यास प्रारंभ केला. पडद्यावरही दुरुस्ती बहुधा लाल रंगातच दिसते आणि चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते. द्रव्य गेले, अर्थ मागे राहिला. मात्र तेथे दुरुस्ती एकदा स्वीकारली की तिची खूणही पुसली जाते. हरताळाचा लेप देऊन वर शुद्ध अक्षर लिहिणाऱ्या जुन्या लेखनिकाच्या रीतीकडे ही तऱ्हा पुन्हा झुकते.

दिल्लीच्या टेकडीवरील स्तंभाच्या तुकड्यांना सांधणाऱ्या जोडरेषा आजही दिसतात. तो कोणी आणला, कसा फुटला, केव्हा जुळवला, हे त्याच्याखालच्या लेखात नोंदवले आहे. कागदाच्या नशिबी असा पायथा नसतो. त्यावरचा मूळ हात कोणता आणि सुधारणारा कोणता, हे सांगण्याचे काम पुष्कळदा एका कच्च्या लाल रंगावर सोपवलेले असते. तो रंग कागदावर आहे तोवर दोन्ही हात वाचून, वेगवेगळे ओळखून, नोंदवून ठेवणे हे ग्रंथपालाचे आणि अभ्यासकाचे काम आहे. आणि त्यासाठी मिळालेला अवधी फार मोठा नाही.